इंचाचे आटे

गॅरेजमध्ये तीन यंत्रं होती: एक लेथ, एक मिलिंग, एक ग्राइंडर. तिन्हींच्या मोटरी थ्री-फेजच्या आणि भिंतीत फेज एकच. लास पारेखासमधला कारखाना बंद पडला तेव्हा एल्व्हिओ बेर्तोल्योनं एकतीस वर्षं ज्या लेथवर काम केलं होतं, तोच लिलावातून उचलून आणला. बाकीची दोन यंत्रं त्याच्या मागोमाग आली. घराला थ्री-फेज द्यायला वीज संस्थेनं नकार दिला. मग उरला ड्राइव्ह, एका फेजच्या तीन करून देणारा, बुटाच्या खोक्याएवढा डबा.

कोणता घ्यायचा यावरून आठ दिवस घरात धुसफूस चालली होती. मुलगी मारिसेल धान्याच्या सायलोंवरच्या मोटरी सांभाळायची. तिनं कागदावर दोन ड्राइव्हची नावं लिहून आणली.

"हा घ्या, बाबा. याला ब्रेकची जोड आहे, काम पकडून फिरणारा चक अर्ध्या सेकंदात थांबतो. आणि लेथ सुलटा-उलटा फिरवणाऱ्या लिव्हरच्या तारा मोटरपासून तोडून ड्राइव्हला जोडायच्या. मग लिव्हर फक्त हुकूम देईल, थांबवायचं काम ड्राइव्ह करेल."

"माझ्या लिव्हरच्या तारा तोडायच्या?"

"चालू मोटर मध्येच लिव्हरनं तोडली तर ड्राइव्ह मरतो."

"मग नाही तोडणार. तारा पण नाही आणि मोटर पण नाही."

त्याच कारखान्यातला जुना फिटर चिचे आता बाजारात ड्राइव्ह विकत होता. तो माते नावाचा कडू चहा पीत दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "अरे लेका, तीन तारा आत, तीन बाहेर, झालं! पोरगी शिकलीय, म्हणून तुझ्या लेथचं पोट फाडायला निघालीय."

"काका, तुम्ही विकताय त्याला ब्रेक नाही," मारिसेल म्हणाली.

"ब्रेक? तुझ्या बापाचे हात काय कमी आहेत?"

एल्व्हिओला हसू आलं. त्यानं चिचेचा ड्राइव्ह घेतला. मारिसेलनं मोटरच्या आतली जोडणी २२० व्होल्टला बदलून दिली, ड्राइव्हवर हिरवं आणि लाल अशी दोन बटणं बसवली आणि लिव्हर हलू नये म्हणून तिला चिकटपट्टीचे चार वेढे दिले. मग हत्यारं उचलून ती सायलोंवर कामाला निघून गेली. एल्व्हिओला तेच जास्त लागलं.

ओस्काल्दी जुन्या पेरणी यंत्रांचे सुटे भाग पुरवायचा. शुक्रवारी तो नमुन्याचा एक दांडा समोर बसून करून घेणार होता. पसंत पडला तर महिन्याला चाळीस दांडे. नाहीतर एक तारखेपासून एल्व्हिओ शीतगृहाच्या फाटकावर पहारेकरी. तिथं त्यानं होकार देऊन ठेवला होता.

दांड्याच्या टोकाला इंचाला दहा या मापाचे आटे हवे होते आणि लेथ मिलिमीटरचा. अशा कामात टूलला पुढं सरकवणारी जोडणी मध्ये सोडता येत नाही, सोडली तर आटे जुळत नाहीत. प्रत्येक वेळी दांड्याच्या खांद्यापाशी, म्हणजे जिथून तो जाड होतो तिथं, चक थांबवून, उलटा फिरवून टूल मागं आणायचं, मग पुन्हा पुढं. कारखान्यात हे तो लिव्हरच्या एका झटक्यात करायचा. आता लाल बटण दाबल्यावर चक तीन सेकंद रेंगाळे, तेवढ्यात तीन फेरे घेई आणि टूल साडेसात मिलिमीटर पुढं सरके. तेवढं आधी बटण दाबायचं. तीन दिवस त्यानं रद्दी लोखंडावर सराव केला होता.

"एल्व्हिओ साहेब, हात अजून तसाच आहे," ओस्काल्दी म्हणाला. शुक्रवारी तो समोर बसून पाहत होता आणि सहावी फेरी चालू होती.

"हात कुठं जातोय!"

मारिसेल दाराशी उभी होती. तिच्याकडे त्यानं मुद्दाम पाहिलं नाही.

दहा फेऱ्या नीट झाल्या. आट्यांच्या कडा चकाकू लागल्या, तेल धुरासारखा वास देऊ लागलं. अकराव्या फेरीला ओस्काल्दीनं विचारलं, "कारखान्यात तुम्ही किती जण होता?"

"बेचाळीस," एल्व्हिओ म्हणाला.

तेवढ्यात खांदा जवळ आला. बटण दाबायची जागा निघून गेली होती. डावा हात आपोआप लिव्हरवर गेला आणि त्यानं झटका दिला. चिकटपट्टी ताणून फाटली.

फटाक्यासारखा आवाज झाला. ड्राइव्हवरचे आकडे विझले. लिव्हर उलटी पडली होती, पण चक उलटा फिरला नाही. मोटरला वीजच उरली नव्हती, आणि तो जड चक नुसत्या आपल्या वजनावर पुढं फिरत राहिला. टूल दांड्याच्या खांद्यात घुसलं तेव्हाच तो थांबला.

ओस्काल्दी उठला, हातांना काही लागलेलं नसतानाही त्यानं ते पँटला पुसले. "काही हरकत नाही. माझ्याकडे आणखी एक जण आहे, त्यालाही विचारायचंच होतं."

त्याची गाडी गेली. जळक्या वासात मारिसेल ड्राइव्हची तार भिंतीतून काढत होती.

"बोल," एल्व्हिओ म्हणाला. "बोलून टाक एकदा."

"काय बोलू, बाबा? तुम्ही कुठं माझं ऐकून ड्राइव्ह घेतला होता?"

त्यानं चक सैल केला, दांडा काढला, फडक्यानं तेल पुसलं. मग कॅलिपर उघडून खांद्यावरच्या खाचेत टेकवला आणि उजेडाकडे धरून वाचला.

खाचेची खोली एक पूर्णांक छत्तीस शतांश मिलिमीटर, म्हणजे चकचा जेमतेम अर्धा फेरा.