कोऱ्या पानावरची पावलं

त्र्यंबक रोडवरच्या त्या लॉन्समध्ये एरवी लग्नं लागतात. त्या गुरुवारी मात्र तिथे पाय ठेवायला जागा नव्हती ती गर्भारणींमुळे. कुणाला सहावा, कुणाला आठवा. प्रत्येकीच्या मागे सासू, सासूच्या मागे पिशव्या धरून उभा नवरा. व्यासपीठावर मखमली खुर्चीत गर्भयोगी ओजसानंद महाराज बसले होते आणि माईक त्यांच्या ओठांना चिकटलाच होता म्हणा ना.

"आईच्या नाभीतून जी व्हायब्रेशन्स निघतात, ती अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोजली!" महाराज गरजले. "मोजली, पण अर्थ लागला नाही. का लागला नाही? कारण त्यांना संस्कृत येत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंड कातायचं लेथ मशीन चालवणारा नाथाही टाळ्या वाजवत होता. लेथवर काम करताना केसाएवढा फरक राहिला तरी त्याला चालत नसे, पण इथे मापं काढायची त्याला इच्छाच नव्हती. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात त्याच्या बायकोचं, चैतालीचं, बाळ गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कधीकधी कारण सापडत नाही, हो. तुमचं काही चुकलेलं नाही." हे उत्तर खरं होतं, पण त्यानं नाथाला झोप आली नाही. ओजसानंदांच्या 'गर्भपादुका' ग्रंथात मात्र प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. आणि चमत्कार तर असा, की ज्यानं पाहिला तो गारच झाला.

गर्भारणीनं तो जाडजूड ग्रंथ पोटाला लावायचा. मग महाराज त्यातलं एक कोरं पान उघडत. पान पांढरंशुभ्र, सगळ्यांना फिरवून दाखवलेलं. त्यावर गुलाबदाणीतून तीर्थ शिंपडलं की पानावर हळूहळू दोन इवलीशी गुलाबी पावलं उमटत. पोटातल्या बाळाची पावलं! बायका हुंदके देत, सासवा पदर पसरत. थोड्या वेळानं पान वाळे आणि पावलं विरून जात. "बाळ परत आत गेलं," महाराज हसून सांगत.

चैतालीची पाळी आली. नाथाची आई सरुबाई तिला दंडाला धरून वर घेऊन गेली. ग्रंथ पोटाला लागला, पान उघडलं, तीर्थ पडलं. पान कोरंच राहिलं.

महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाळ रुसलंय," ते खोल आवाजात म्हणाले. "पोरी, यंत्राखाली नेलं होतंस ना त्याला?"

"सोनोग्राफी झाली," चैताली पुटपुटली.

"आणि लोखंडाच्या गोळ्या गिळल्यास. पहिलं असंच निघून गेलं ना?"

चैतालीचा चेहरा पांढराफटक पडला. हे यांना कसं कळलं? नावनोंदणी करणाऱ्या सेविकेनं सकाळी गोड बोलून सगळं विचारून घेतलं होतं, हे त्या क्षणी तिच्याही ध्यानात आलं नाही आणि नाथाच्याही.

"वचन दे. बाळंतपणापर्यंत ना सुई, ना यंत्र, ना गोळी. दवाखान्याची पायरी चढलीस, तर ही पावलं कायमची पुसली जातील."

"देते," चैताली रडत म्हणाली.

महाराजांनी दुसरी गुलाबदाणी मागवली, तीर्थ शिंपडलं आणि पानावर दोन गुलाबी पावलं उमलली. सरुबाईंनी जमिनीवर डोकं टेकवलं. नाथाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

घरी येताना त्यांच्याबरोबर तो ग्रंथ होता आणि तीर्थाची एक बाटली. तेव्हापासून नाथा रोज कामावरून आला की हातपाय धुऊन चैतालीच्या उशाशी बसे आणि मोठ्यानं वाचे. आपण बाप म्हणून काहीतरी करतोय, याचं त्याला समाधान वाटे. चैतालीच्या पायांवर सूज आली तेव्हा त्यानं ग्रंथात पाहिलं: सूज हे गर्भतेजाचं वैभव. बोटं फुगून अंगठी रुतू लागली. वैभव वाढलं! डोकं ठणकू लागलं, तर मस्तकात ज्ञान साठतंय म्हणे. सरकारी दवाखान्याच्या आशाताई तपासणीला बोलवायला दोनदा दारापर्यंत आल्या आणि सरुबाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

आठवा महिना लागला. एका रविवारी सकाळी नाथाची थोरली बहीण मंजुषा येवल्याहून एसटीनं आली. ती तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायची. भावजयीसाठी डिंकाचे लाडू घेऊन ती हसत आत आली आणि चैतालीला पाहताच तिचं हसू मावळलं. चैतालीचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. पापण्या जड झाल्या होत्या.

"कधीपासून असं?" मंजुषानं विचारलं.

"झाले काही दिवस," नाथा म्हणाला. "आणि ताई, कालपासून तिला दर्शन होतंय. डोळ्यांपुढे तेज चमकतं!"

"तेज?"

"काजवे चमकल्यासारखं होतं, ताई," चैताली डोळे मिटूनच म्हणाली. "मग सगळं धूसर होतं. आणि इथं, बरगड्यांखाली, फार दुखतं."

मंजुषानं लाडवांचा डबा खाली ठेवला. "नाथा, रिक्षा आण. आत्ता."

"नाय जायचं!" सरुबाई दारात आडव्या आल्या. "मंजे, तुला काय ठावं? पावलं पुसली जातील. मागल्या साली गेलं तसं हेबी जाईल. लय वंगाळ होईल!"

"आई, तिला झटके येतील! आशाताईंनी पुस्तिका दिली असेल ना? कुठे आहे ती?"

ती डाळीच्या डब्याखाली सापडली. पातळ, तेलकट डाग पडलेली, चित्रंही साधीच. मंजुषानं पान उलटलं आणि भावासमोर धरलं. "वाच."

नाथा वाचू लागला. "चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमक. यांपैकी काहीही जाणवल्यास वेळ न घालवता..." त्यानं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "...दवाखान्यात जा."

दोन पुस्तकं. त्याच खुणा. एक म्हणत होतं वैभव, दुसरं म्हणत होतं धोका. नाथा चैतालीला उठवायला वाकला, तर तिनं 'गर्भपादुका' छातीशी घट्ट आवळला.

"मी नाही येणार," ती ओरडली. "मी पावलं पाहिलीत, अहो! तुम्हीपण पाहिलीत! हे बाळ गेलं तर मी जगायची नाही."

तिला उचलून नेलं असतं, पण ती इतकी थरथरत होती की मंजुषानं नाथाला हातानं थांबवलं. ती चैतालीजवळ बसली.

"बरं. मला दाखव ती पावलं. मग तू म्हणशील तसं."

तीर्थाची बाटली पुढे आली. मंजुषानं झाकण उघडून थेंब बोटांवर घेतला, बोटं चोळली तर ती निसरडी लागली, वास घेतला. मग तिनं ग्रंथातलं एक न वापरलेलं पान उघडलं. "आई, तुझी तंबाखूची डबी दे."

"आता तंबाखू कशाला?"

"तंबाखू नको. चुना हवाय."

तिनं वाटीत पाणी घेतलं, त्यात चुना कालवला आणि गढूळ पाणी फडक्यातून गाळलं. चैताली टक लावून बघत होती. मंजुषा वळली.

"नाथा, शर्ट वर कर. आडवा हो."

"मी?"

"हो, तू. लवकर!"

नाथा फरशीवर आडवा झाला. त्याच्या केसाळ पोटावर तिनं ग्रंथ टेकवला, क्षणभर धरला, उचलला. आधी कोऱ्या पानावर नळाचं पाणी शिंपडलं. काहीच झालं नाही.

"बाळ रुसलंय," मंजुषा म्हणाली. मग तिनं चुन्याच्या पाण्यात बोटं बुडवून पानावर झटकली.

दोन इवलीशी गुलाबी पावलं उमटली.

सरुबाई आपल्या मुलाच्या पोटाकडे बघत राहिल्या, मग वाटीकडे, मग हातातल्या डबीकडे.

"शाळेत दहावीच्या पोरांना दाखवतो आम्ही हे," मंजुषा भराभर सांगू लागली. "फिनॉल्फ्थॅलीन नावाचं एक रसायन असतं. त्यानं पानावर पावलं काढून ठेवली की वाळल्यावर दिसत नाहीत. चुन्याचं किंवा धुण्याच्या सोड्याचं पाणी लागलं की गुलाबी होतात. चुन्याचं पाणी हवेत वाळलं की रंग उडतो. त्यांच्या एका गुलाबदाणीत साधं पाणी होतं, चैताली. तुला घाबरवायला. दुसरीत हे होतं. तुझ्या बाळाची पावलं तुझ्या पोटात आहेत. पानावर नाहीत."

चैतालीनं ग्रंथाकडे पाहिलं. मग तो मिटून बाजूला सारला.

"उठवा मला," ती म्हणाली.

रिक्षा सातपूरच्या रस्त्यानं निघाली तेव्हा पुढे एक ट्रक वळणावर आडवा झाला होता. तो बाजूला होईपर्यंत रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढेना. चैतालीनं डोळे मिटले होते आणि तिची बोटं नाथाच्या हातात अधूनमधून फडफडत होती. "बोलत राहा, चैताली, बोल काहीतरी," नाथा विनवत होता. सरुबाई सारख्या पदरानं तिचं तोंड पुसत होत्या. त्यांच्या तोंडून एकाही देवाचं नाव निघत नव्हतं. "माझी पोर हाय ती," एवढंच त्या म्हणत होत्या.

दवाखान्यात नर्सनं रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि धावतच डॉक्टरांना बोलावलं. मग दारं उघडली, मिटली, इंजेक्शनं आली, सह्या झाल्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज कोरडा होता. "गरोदरपणात रक्तदाब असा चढला की आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. तुम्ही आधी तपासणीला आला असतात तर तो गोळ्यांवर आटोक्यात ठेवता आला असता. आता बाळाला बाहेर काढावं लागेल. आणखी घरी ठेवली असती तर..."

नाथा भिंतीला टेकून उभा राहिला. मशीनवर काम करताना बोट गेलं तर माणसाला आधी दुखत नाही, नुसतं रक्त दिसतं. तसं झालं होतं त्याचं.

ऊन कलायला लागलं तेव्हा आतून एक अगदी बारीक आवाज आला. मांजराच्या पिलासारखा. मुलगी होती. मूठभर जीव. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. चैताली शुद्धीवर आली ती दुसऱ्या दिवशी, आणि तिनं पहिलं काय विचारलं असेल तर, "पावलं आहेत ना तिला?"

"आहेत," नाथा म्हणाला. "लाथा मारतेय."

पुढच्या गुरुवारी लॉन्सवर तितकीच गर्दी होती. 'अनुभवकथन' सुरू होतं. महाराजांना अनुभव सांगणारे नवरे फार आवडत. नाथानं हात वर केला तेव्हा सेवकांनी कौतुकानं त्याला व्यासपीठावर नेलं. मंजुषा मागोमाग चढली.

"मला पावलांचं दर्शन झालं, माझ्या घरी," नाथा माईकवर म्हणाला. "तुम्हालापण दाखवतो."

त्यानं शर्टाची बटणं काढली आणि ग्रंथ स्वतःच्या पोटाला लावला. बायका खुदकन हसल्या. मंजुषानं पान उघडून घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी शिंपडलं. पावलं उमटली. हसू थांबलं.

महाराज सावरून बसले. "पाहा! पुरुषाच्या ठायीसुद्धा आत्मबाळ असतं! हे गूढ..."

"महाराज, हा कितवा महिना असेल?" मंजुषानं विचारलं आणि हातातलं लिंबू त्या पावलांवर पिळलं. पावलं झटक्यात नाहीशी झाली. "लिंबू लागलं आणि बाळ पळालं. आंबट आवडत नसेल बहुतेक."

एक सेवक माईक हिसकायला धावला. तोवर नाथानं दोन्ही गुलाबदाण्या उचलल्या होत्या. नव्या पानावर पहिलीचं तीर्थ टाकलं, पान कोरंच. दुसरीचं टाकलं, पान गुलाबी. "हिच्यात पाणी आहे. हिच्यात चुन्याची निवळी," तो ओरडला. माईक गेला होता, पण आता त्याची गरज नव्हती. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"माझी बायको मरता मरता वाचली. सूज आली, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, आणि मी हा ग्रंथ वाचत बसलो! पुस्तकं वाचू नका असं मी म्हणत नाही. वाचा. आईनं वाचा, बापानंपण वाचा. एका पातळ पुस्तिकेतल्या दोन ओळींनी माझी पोर वाचली. पण पुस्तकाला रक्तदाब मोजता येत नाही. चांगलं पुस्तक स्वतःच सांगतं, की आता मला मिट आणि डॉक्टरकडे जा. जे पुस्तक म्हणतं दवाखान्यात जाऊ नका, ते आधी मिटा."

महाराज मागच्या दारानं निघाले होते, पण मंजुषानं सकाळीच पोलिसांकडे जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली होती आणि मागच्या दाराशीही एक हवालदार उभा होता. त्यानं महाराजांना अडवलं, तसा तिकडे आरडाओरडा झाला. लोकांच्या माना तिकडे वळल्या.

एका मुलीची मात्र वळली नाही. पुढच्या रांगेत बसलेली ती, असेल विशी-बाविशीची. तिनं आपला सुजलेला हात हळूच वर केला.

"दादा," ती नाथाला म्हणाली, "मलापण काजवे दिसतात."

शेजारी तिची सासू बसली होती. तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. बहुधा कित्येक दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग तिच्या मांडीवरचा 'गर्भपादुका' उचलून खुर्चीवर ठेवला आणि तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं.

"कंचा दवाखाना, भाऊ?" तिनं विचारलं.

नाथा व्यासपीठावरून उडी मारून रिक्षा थांबवायला धावला.

चमत्कार दाखवणाऱ्याला एकच विनंती करा: पुन्हा दाखव, पण या वेळी पाणी आमचं. आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. घरात गर्भारीण असेल, तिचं डोकं दुखत असेल, चेहरा सुजला असेल, तर आधी तिला दवाखान्यात न्या.