दोघी उभ्या घरी या

वाघजाईच्या माळावर किक मारली की मैदान तेवढंच लांबायचं, आणि कुणी पळालं की पळणारीचे पाय तळव्याकडून झिजायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रग्बी म्हटलं की एवढं चालायचंच. मॅच झाली की आई गोदाच्या ट्रॅकपँटला खालून आणखी एक दुमड घालायची आणि दोऱ्याचं टोक दातानं तोडायची.

गोदा विंगवर, म्हणजे कडेनं पळणारी. किक मारायची ती तिची थोरली बहीण यमुना. चेंडू पायानं पुढं धाडा नाहीतर छातीशी धरून पळा, हातानं मात्र मागचीलाच द्यायचा. पुढं दिलात की गेला समोरच्यांकडं. खेळ शिकवणारे शिरतोडे सर सांगून सांगून थकले होते, की किक आणि पळणं भाजीतल्या तिखटमिठासारखं ठेवा, एकाच्याच नादी लागलात तर मॅच जाईलच, माणसंही जातील. यमुना मान डोलवायची. ऐकलं असतं तर आणखी काय हवं होतं!

शेवटच्या मॅचच्या दिवशी गोदाचे पाय निम्म्या पोटरीवर आले होते. आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "हरा नाहीतर जिंका. दोघी उभ्या घरी या."

यमुनेनं गोदाच्या पायांकडं पाहिलं. तिनं तिथंच ठरवलं, आज गोदाच्या हातात चेंडू द्यायचाच नाही, नुसती किक मारायची.

आणि मारत सुटली. गोलरेषा कालवा ओलांडून गेली, मग पलीकडच्या उसात शिरली. समोरच्या बायांनीही किकला किकनंच उत्तर दिलं, म्हणजे मैदान आणखी वाढलं. बहिणीच्या मायेपायी एक साधी गोष्ट या शहाणीच्या ध्यानात आली नाही. किकमागं धावायचं काम विंगचंच असतं. गोदा प्रत्येक किकमागं पळत होती. आधी ती लहान दिसू लागली, मग ठिपका झाली, मग दिसेनाशी झाली. यमुनेला वाटलं, लांब गेली म्हणून लहान दिसते.

चेंडू रेषेपलीकडं टेकला की मॅच संपायची आणि मैदान घडी घातल्यासारखं जागेवर यायचं. तोवर कुणाला घरी जाता येत नसे. संध्याकाळ उतरली तेव्हा पुढून निरोप आला, एकीनं दुसरीला सांगत सांगत मागं आलेला. जवळच्या बाईनं तो यमुनेच्या कानात सांगितला.

"गोदा म्हणते, आक्का, आता किक मारू नको. मला पळवत नाही. तू ये."

चेंडू यमुनेच्याच हातात होता. ती पळाली. दोन्ही बाजूंच्या बाया कमरेपर्यंत झिजून जागोजागी गवतात बसल्या होत्या. समोरच्या तिला धरायला हात लांबवत, त्यामुळं चालत जायची सोय नव्हती. कालव्याशी तिच्या पोटऱ्या संपल्या, उसात गुडघे. ती रडत होती आणि पळत होती. मांड्याही गेल्या तशी कोपरांवर सरपटू लागली, तर कोपरंही झिजायला लागली. पंच शेजारून सावकाश चालत होते. ते झिजत नसत.

ऊस संपला तिथं गोलरेषा होती, ओल्या चुन्याची. रेषेपलीकडं गोदा बसली होती. कमरेखाली काही नव्हतं. तिनं जर्सीला खालून नीट दुमड घातली होती.

"आलीस?" गोदा म्हणाली.

यमुनेनं पुढं सरकायला अंग उचललं, पण सरकायला आता काही उरलं नव्हतं. मनगटं तेवढी होती, आणि त्यांत चेंडू. दोघींच्या मध्ये हातभर गवत आणि ती रेषा. गोदानं दोन्ही हात पुढं केले.

पंचांनी शिट्टी ओठांत धरली, वाकले, आणि यमुनेची मनगटं पुढं हलतात की मागं, ते बघू लागले.