उष्टं न झालेलं पाणी

मी तांब्या बोलतोय. रिठदच्या प्रयागबाईंच्या ओसरीवर बसलेला, पोटाला दोन पोचे पडलेला. वाशीमच्या तांबटानं मला घडवलं, पण गळा जरा जास्तच अरुंद केला, म्हणून मी किती तरी दिवस त्याच्या दुकानात पडून होतो. पुंजाजींनी मात्र तो गळा बघूनच मला उचललं. यातून पाणी सांडायचं नाही, असं ते बायकोला, म्हणजे प्रयागबाईंना, कौतुकानं सांगत होते.

पाणी न सांडणं हेच माझं काम होतं. चैत्रातल्या पुनवेला आमच्या टेकडीवर देवीची जत्रा भरते. गावोगावचे पळणारे आपापल्या विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन पायथ्यापासून धावत सुटतात. ज्याचा भरला तांब्या आधी वर पोचेल, त्याच्या गावाच्या पाण्यानं देवीला आंघोळ. पळणाऱ्यानं आदल्या सांजेपासून पाणी प्यायचं नाही. तांब्यातलं तर नाहीच. ओठ लागला की ते उष्टं.

पुंजाजी लागोपाठ दोन वर्षं हरले होते, दोन्ही वेळा तांड्यावरच्या भाऊसिंगकडून. मग त्यांनी सालभर सराव धरला. रोज पहाटे मला भरून टेकडी चढायचे. मुरमावर पाय घसरायचा, गुडघे फुटायचे. माझे पोचे तेव्हाचेच. हळूहळू ते शिकले, चढाला पाऊल लहान टाकायचं, कोपर अंगाशी घट्ट, नजर चार हात पुढं. प्रयागबाई त्यांच्या पोटऱ्यांना तेल चोळायच्या आणि या साली आपलंच पाणी, म्हणायच्या. मलाही ते खरं वाटायचं. जत्रेच्या दिवशी चिंचेनं घासून घेऊन मी नवरदेवासारखा मिरवत होतो.

ते साल एकोणीसशे एकेचाळीस. चैत्रातच वैशाखासारखं ऊन. दुपारी नगारा वाजला आणि अर्ध्या चढावर पुंजाजींनी भाऊसिंगला मागं टाकलं. त्यांचा घाम माझ्यावर गळत होता. पुढं तो गळायचा थांबला. मला वाटलं, आता त्यांना दम सापडला. मला मेल्याला काय कळतंय!

देऊळ पन्नास पावलांवर असताना ते गुडघ्यांवर बसले. आधी मला नीट टेकवलं, एक थेंब न सांडता. मग आडवे झाले.

भाऊसिंग मागून आला. तो सहज पुढं जाऊ शकला असता. पण त्यानं आपलं सगळं पाणी पुंजाजींच्या डोक्यावर ओतलं आणि मला उचलून त्यांच्या ओठांशी नेलं. बाकीचे पळणारे अजून खूप खाली होते; टेकडीवर दुसरं पाणी नव्हतं. पुंजाजींनी दात घट्ट आवळून घेतले. तेवढ्यात देवळापासून प्रयागबाई धावत आल्या आणि त्यांनी भाऊसिंगचा हात धरला.

"भाऊ, उष्टं नोका करू. सालभराची मेहनत हाय त्याईची. उठतीन ते."

"बाई, मानूस हातचा जाऊन राह्यला."

"उठतीन," त्या म्हणाल्या.

भाऊसिंगनं मला खाली ठेवलं. पुंजाजी उठले नाहीत. मी काठोकाठ भरलेला, त्यांच्या हाताजवळ, आणि मला कलंडता येत नव्हतं.

लोकांनी त्यांना बाजेवर घालून खाली नेलं. मला भाऊसिंगनंच वर नेलं. देवीला आंघोळ झाली, मान रिठदला मिळाला. त्याच वेळी खाली वाटेत पुंजाजींचा जीव गेला.

प्रयागबाईंनी मला अडगळीत टाकलं नाही. रोज सकाळी भरून ओसरीवर ठेवतात; वाटेनं जाणारा कुणीही पिऊन जातो. त्या स्वतः माझ्यातला एक घोटही घेत नाहीत. दर चैत्रात भाऊसिंग येतो, पाणी पितो, मला विसळून पुन्हा भरतो. यंदा प्रयागबाईंनी त्याला विचारलंच.

"भाऊ, माहा हात झटकून काहून नाही पाजलं?"

त्यानं मला विसळून, भरून पुन्हा ओसरीवर ठेवलं.

"मले बी वाटलं, उठतीन."

जत्रा अजून भरते. पळणारे अजून तहानलेलेच धावतात. बाबांनो, चढावर कुणी बसलेला दिसला तर कुणाला विचारत बसू नका, आधी त्याच्या तोंडाला तांब्या लावा. देवीसाठी विहिरीत पाणी पुष्कळ आहे. मी एकदा सोवळा राहिलो, तेवढं पुरे झालं.