नो पासा नादा

फोन ठेवून श्वेता सरळ क्षितिजच्या खेळण्यांतच फतकल मारून बसली. "वहिनी, संपलं. सोडला मी स्पेनचा नाद."

क्षितिजला कडेवर घेऊन वरणभात भरवणाऱ्या रुपालीचा हात जागच्या जागी थांबला. श्वेता तिची नणंद. कुवेतच्या अबू हलीफातल्या या फ्लॅटमध्ये दादा-वहिनीकडे राहून तिने नोकरी केली, आणि आता समुद्राचं पाणी गोडं करण्याचं पुढचं शिक्षण घ्यायला स्पेनमधल्या आलिकांतेच्या विद्यापीठात प्रवेशही मिळवला होता. उरला होता तो राहायच्या जागेचा होकार. तो रविवारी (इथे रविवार कामाचाच) स्पेनच्या वकिलातीत दाखवला तर व्हिसा. नाही तर वर्ष वाया.

"अगं, पण झालं काय?"

"खोलीवाल्या बाईंना फोन केला. इतकं घोकलेलं स्पॅनिश, नेमकी तेव्हाच ततपप! भलतंच काहीतरी बोलले, मग सॉरी सॉरी म्हणत सुटले. आणि त्या बाईंचं आपलं एकच पालुपद. नो पास, नादान! नो पास, नादान! नापास केलं ते केलं, वर नादान!"

रुपालीला हसू आलं. ते तिने क्षितिजच्या गालाआड लपवलं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या कोपऱ्यात तिला जरा बरंही वाटलं. ही गेली की दुपारी या घरात मोठ्या माणसाशी बोलायची सोय कुठे होती? पण श्वेताचा उतरलेला चेहरा तिला बघवेना.

"ऊठ. वर ताहिराकडे चल."

वरच्या मजल्यावरची ताहिरा मूळची उत्तर मोरोक्कोची. तिच्या गावात शेंबडं पोरही स्पॅनिश बोलायचं. हिंदी मात्र ती याच बिल्डिंगच्या जिन्यात शिकली होती. श्वेताची हकिगत ऐकून तिने पुदिन्याच्या चहाचा ग्लास खाली ठेवला आणि पोट धरून हसली.

"नादान नहीं रे बाबा, नादा! नो पासा नादा. मतलब कुछ नहीं हुआ, टेन्शन मत लो. ये तो उनका माफी मुश्किला है!"

माफी मुश्किला! म्हणजे काही अडचण नाही. कुवेतमध्ये हे दोन शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतात. आता रुपालीचीही खो-खो हसायची पाळी आली.

"श्वेता, मी लग्न होऊन नवीन इथे आले ना, तेव्हा खालच्या दुकानातला हुसेन मला म्हणाला, सुक्कर माफी. साखर संपली, असं सांगत होता बिचारा. मी म्हटलं, अहो भाऊ, त्यात माफी कसली मागता? उद्या नेईन! तुझा दादा आठवडाभर मला 'साखरेला माफ केलंस का' विचारायचा."

श्वेता डोळे पुसत हसली आणि तशीच उठली. "थांबा, आत्ताच करते फोन."

"बैठो!" ताहिराने तिची ओढणीच धरली. "अभी उनके खाने का टाइम है. दोपहर को स्पेनवाले को फोन किया तो सच में नापास करेगी."

मग संध्याकाळपर्यंत ताहिराची शिकवणी चालली. दुपारी दुकानं बंद. "ते इथंही असतंच की," श्वेता म्हणाली. रात्रीचं जेवण नऊ-दहाला, तेव्हा भुकेची सोय पर्समध्ये. श्वेता शाकाहारी, पण नुसतं मांस नको म्हणून भागायचं नाही. हॅमला, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाला, ते लोक मांसात धरतीलच असं नाही, भाजीवर भुरभुरून आणतील. नको असलेल्या एकेका जिनसाचं नाव घेऊन सांगायचं. पोचल्यावर महिन्याच्या आत परदेशी माणसाच्या ओळखपत्रासाठी अर्ज, आपल्या इथल्या इकाम्यासारखाच, म्हणजे राहायच्या परवान्यासारखा. आणि समुद्रकाठचं गाव म्हणून फसू नकोस, हिवाळ्यात घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. रजई ने.

"आणि भेटल्यावर कुणी गालाला गाल लावला तर?" रुपालीने विचारलं.

"तर दुसरा गाल भी देने का. भागने का नहीं!"

सहा वाजता खाली घरी येऊन श्वेताने पुन्हा नंबर फिरवला. रुपाली क्षितिजच्या तोंडावर हात ठेवून शेजारी उभी. श्वेता पुन्हा अडखळली. पलीकडून तेच शब्द आले. या वेळी ती हसली, खोल श्वास घेतला आणि हळूहळू, मोडकंतोडकं, पण शेवटपर्यंत बोलली. मग नुसतं "सी, सी, ग्रासियास," असं हो-हो, धन्यवाद करत नाचायलाच लागली. खोली मिळाली होती. पत्र उद्या फॅक्सने येणार होतं.

तेवढ्यात अहमदीहून, कामावरून, श्वेताचा दादा आलोक आला. बूट काढता काढता म्हणाला, "काय गं, काय म्हणाल्या बाई?"

"नो पासा नादा!"

आलोकचा चेहरा पडला. "नापास? असू दे गं. नाद सोडायचा नाही, पुढच्या वर्षी बघू."

दोघी एकमेकींकडे बघून अशा फुटल्या की क्षितिजही टाळ्या पिटायला लागला. हसता हसता रुपाली स्वयंपाकघरात गेली आणि गोड्या मसाल्यासाठी धणे भाजायला घेतले. या वेळी दोन डब्यांचे: एक घरचा, एक आलिकांतेचा.