तपासनिसांचा देव

तपासनीस देवाकडे वळावेत म्हणून त्यांच्या बायकोने बारा वर्षं देवाला साकडं घातलं होतं. निवृत्त झाल्यावर ते वळले, आणि आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला हे कळायला तिला दोन महिनेही लागले नाहीत.

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. मागे दिवा लावलेल्या पांढऱ्या काचेपुढून बाटल्या सरकत जायच्या आणि हे डोळ्यांत तेल घालून बसायचे. काचेत बुडबुडा दिसला, गळ्याशी केसाएवढी चीर दिसली, की लाल खडूची फुली. फुलीची बाटली बाद, पुन्हा भट्टीत. काम चोख होतं, कोणाची बोट दाखवायची हिंमत नव्हती. पण हा माणूस घरी येताना तो दिवा सोबत घेऊन यायचा. चादरीची घडी, बायकोचं हसणं, लेकीचं अक्षर, सगळ्यावर फुली. सहा वर्षांपूर्वी लेकीने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा तिच्यावरही पडली. त्यानंतर तिचं नाव या घरात निघालं नाही.

प्रार्थनेला लागला तर हा माणूस जरा मऊ होईल, असं बायकोला वाटायचं. भोळीच ती. प्रार्थनेने माणूस बदलतो हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की कोण कोणाला बदलतो हे विचारायचं राहूनच गेलं. तपासनीस प्रार्थनागृहात जाऊ लागले ते पहिल्या रांगेत, वेळेच्या पंधरा मिनिटं आधी. महिन्याभरात कोण उशिरा येतं, कोण शब्द गाळतं, कोणाचे डोळे किलकिले असतात, सगळं त्यांना पाठ झालं. डोळे मिटून हे कसं दिसतं, असं मात्र त्यांना कोणी विचारलं नाही. पूर्वी ते स्वतःच्या जबाबदारीवर चिडायचे. आता वरून परवानगी मिळाल्यासारखे चिडू लागले.

बायकोची प्रार्थना म्हणजे सगळा आनंदच. भांडी घासता घासता, निम्मे शब्द विसरून. तुझं काही पोचत नाही, असं तपासनीस तिला सांगून मोकळे झाले होते. तिला मात्र आतून उत्तर यायचं, नेहमी तेच, हळू आवाजात: घाई करू नकोस, त्यांच्या कलाने घे. देवाचा केवढा धीर, असं तिला वाटायचं.

अशात एका सकाळी लेकीचा फोन आला. पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. नवरा बोटीवर नोकरीला, चार महिने परतणार नव्हता. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन तीन आठवडे माहेरी राहू का, एवढंच तिला विचारायचं होतं. नात अजून आजीने पाहिलीही नव्हती.

बायकोने सगळं बळ एकवटून नवऱ्यापुढे विषय काढला. म्हणाली, "अहो, बाद बाटलीसुद्धा तुम्ही कधी फेकली नाहीत. वितळवून पुन्हा घेतलीत."

तपासनीस ओरडले नाहीत. वर विचारून सांगतो, म्हणाले. आठ दिवस ते पहाटे उठून खोलीचं दार लावून बसत. असं दार लावून बसलेला नवरा तिने कधी पाहिला नव्हता. तिच्या जिवाला आशा लागली. कपाटातून तिने जास्तीची उशी काढली, उन्हात घातली, लेकीच्या खोलीतली खिडकी पुसली.

नवव्या दिवशी ते बाहेर आले. चेहरा शांत होता.

"नाही म्हणतात," ते म्हणाले. "एकदा बाद ते बाद."

बायकोने विचारलं, "देवाचा आवाज तुमच्यासारखाच असतो का हो?"

यात टोमणा आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मला तरी कधी वेगळा ऐकू आला नाही," म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

दुपारी तिने लेकीला फोन लावला. खरं सांगायचं, नाहीतर पिशवी भरून आपणच तिच्याकडे जायचं, असं ठरवून लावला होता. तोंडातून निघालं ते भलतंच. "घराचं रंगकाम काढलंय गं. सगळा पसारा आहे."

लेक म्हणाली, "बरं आई. रंगाचा वास पोरीलाही सोसत नाही." आईची लाज तिने आपल्या अंगावर घेतली होती. आई फोन ठेवून ओट्याशी गेली.

भांडी घासता घासता तिने सवयीने देवाला हाक मारली. उत्तर लगेच आलं, मऊ, हळू आवाजात: बरं केलंस. घरात वाद झाला नाही.

तिचा हात थांबला. हा आवाज तिने लहानपणापासून ऐकला होता, आणि आज पहिल्यांदा तिला तो ओळखू आला. तो तिचाच होता. तिने नळ मोठा सोडला आणि उरलेली भांडी घासायला घेतली.