डोमाजीची न गायलेली ओळ

बासष्ट सालची गोष्ट. दर्यापूरच्या जयंतीला सूर्यभान नावाचा पोरगा गायला उभा राहिला, तेव्हा डोमाजी पुढच्या सतरंजीवर मानानं बसला होता. अकोल्यात वीस वर्षं त्याची गायन पार्टी गाजत होती. या पोराचं गाणं मात्र त्याला गाणंच वाटेना. सूर्यभान सूर लावतच नव्हता. डफावर दंडारीच्या नाचाचा ठेका धरून भरभर बोलत सुटला होता. यमकावर यमक, मध्येच कव्वालीच्या टाळ्या, मध्येच खड्या गमतीच्या तमाशातला सवाल, त्यात कापसाच्या जिनातल्या मजुरांची हिंदी. लोक बेभान झाले होते.

तेवढ्यात ओळ आली : ‘घाम मुरला आमचा खाली, वर बोंड कोनाचं?’

डोमाजी जागच्या जागी ताठ झाला. ओळ त्याची होती. अजून कुठं गायली नव्हती, कागदावरही उतरवली नव्हती. ऐकवली होती फक्त आपल्या ढोलकीवाल्याला, देवमनला.

आठ दिवस तो देवमनवर नजर ठेवून राहिला. हा चहा कोणाबरोबर पितो? नवा सदरा कुठून आला? आपण आत आलो की बोलणं का थांबवतो?

अचलपूरला सूर्यभानचा कार्यक्रम होता; त्याला गाठायला डोमाजी तिकडच्या एस.टी.त बसला, तर पुढच्याच बाकावर देवमन.

“काहून रे, कुठी चालला?”

“परतवाड्याले. बहीण बिमार हाये.”

“आजच बिमार पडली? का माह्या ओळी पोचवाले चालला, चोरा?”

गाडीतली माणसं वळून पाहू लागली. देवमन अंजनगाव आलं तसा मधेच उतरून गेला.

अचलपूरला सूर्यभान कार्यक्रमाआधी विस्तवावर डफ शेकत बसला होता. डोमाजीनं त्याला सरळच विचारलं, “माही ओळ तुले देवमननं देल्ली ना?”

“कोन देवमन?” सूर्यभान गोंधळला. “काका, मी तुमच्या घरामागच्या प्रेसमंदी कापसाच्या गाठी बांधतो. तुमी सकायी हिरीवर आंग धुता, तवा गाता. पाळीवरचे सारे मजूर ऐकतात. दंडार माह्या मामाची, टाळ्या इथल्या दर्ग्यातल्या, ओळ तुमची. माही निसती जोडनी.”

डोमाजीला खोटं शोधायचं होतं. त्यानं पोराच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. सापडलं नाही.

परतल्यावर तो देवमनच्या दारात गेला. “चुकलो,” म्हणाला. बहीण खरंच बिमार होती; देवमन दुसऱ्या गाडीनं जाऊन तिला भेटून आला होता. त्यानं डोमाजीला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं.

“मी वाजवीन,” तो म्हणाला. “वीस वर्सं वाजवलं, पुढंबी वाजवीन. पन नवी ओळ मले आंदी सांगू नका, दादा. लोकायसंगच ऐकीन.”