शुक्रवारचा कागद, मंगळवारचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. लाकडी मुठीचा, पोटात तारखेची रबरी चाकं असलेला. शेतीच्या कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदावर मी ‘मिळाला’ म्हणून त्या दिवसाची तारीख उमटवली. बियाण्याचे अर्ज, पाण्याचे अर्ज, तक्रारी. किती वेळा डोकं आपटलं, देव जाणे! “शिक्का खोटं बोलत नाही,” असं कारकूनबाई म्हणायच्या आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग ती साथ आली. बाजार थांबले, लग्नं थांबली, माणसं माणसांना भ्यायला लागली. सरकारने शेतकऱ्यांना मदत जाहीर केली. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. कचेरीचं दार बंद, म्हणून बाहेर पत्र्याची पेटी ठेवली. रोज संध्याकाळी बाई त्यातले कागद चिमट्याने उचलत, खोक्यात ठेवत, खोक्यावर खडूने वार लिहीत आणि ते कपाटावर चढवत. कागदाला चिकटून रोग आला तर? म्हणून तीन दिवस कुणी हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी माझी पाळी.

यातली चूक कुणाच्याच ध्यानात आली नाही. माझ्याही नाही.

फुलं पिकवणाऱ्या एका काकूंचा हंगामच्या हंगाम उकिरड्यावर गेला होता. मदतीच्या पैशांतून त्यांना नवे कंद आणायचे होते आणि लावणीचे दिवस सरत चालले होते. त्यांनी शुक्रवारी सकाळी अर्ज टाकला. मी त्यावर मंगळवारची तारीख उमटवली. ‘मुदतीनंतर आला’ म्हणून नकाराचं पत्र गेलं.

काकू खिडकीशी आल्या. “मी शुक्रवारी टाकलाय गं.”

“काकू, शिक्का मंगळवारचा आहे. माझ्या हातात काय आहे?”

“शिक्का आहे की!” काकू म्हणाल्या. “आणि मला वार शिकवू नकोस. एक दिवस चुकला तर माझी कळी उमलून वाया जाते.”

 बाईंची नजर कपाटावर गेली. रिकाम्या खोक्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘शुक्रवार’. त्यांनी बोटांवर मोजलं: त्यानंतरचा चौथा दिवस मंगळवार. शेवटच्या खोक्यांतले सगळेच अर्ज असे अडकले होते.

“चाकं मागे फिरवा, पुन्हा मारा शिक्का,” बाईंनी चूक सांगितल्यावर कचेरीचे साहेब म्हणाले. “चूक लिहून दिलीत तर तुमच्यावर येईल.”

“येऊ दे, साहेब. खोकी मीच चढवली. या बिचाऱ्याला आता आणखी खोटं बोलायला लावू नका.”

मग एकेका अर्जावर माझ्या तारखेखाली त्यांनी पेनाने लिहिलं, ‘शुक्रवारपूर्वी किंवा शुक्रवारी पेटीत मिळाला, उशीर कचेरीचा.’ खाली सही. बोटं आखडली, तरी थांबल्या नाहीत. वरून त्यांना ठपक्याचं पत्र आलं. पैसेही आले सगळ्यांचे, पण काकूंची निम्मी लावणी हुकली ती हुकलीच. निम्मं शेत त्या वर्षी उघडं राहिलं.

आता माझी चाकं झिजली आहेत, पोटातली शाई सुकली आहे. दमलो मी, मित्रांनो. जपायचं तर मला नका जपू. तारीख टाकण्याआधी कागद आणणाऱ्याला एक शब्द विचारत जा, एवढंच मागणं.

काकू अजून येतात. कागद पुढे करण्याआधी मुद्दाम विचारतात, “आज वार कोणता गं?”

बाई पेन उचलतात. “तुम्ही आलात तो, काकू.”